वाटून घेतलेला टँगो

टँगो वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रांचा व्यवहार १९३०-४०च्या ब्वेनोस आइरेसमध्ये सरळ होता. ज्याच्या नावाची पाटी, तो मालक. कॅफेशी, नाचाच्या क्लबशी, रेडिओशी करार तो करायचा; पैसे त्याच्या हातात यायचे आणि वादकांना ठरलेली बिदागी मिळायची. ओस्वाल्दो पुग्लिएसे यांनी १९३९ साली स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला तेव्हा ही रीत त्यांनी मोडली. पाटीवर नाव त्यांचंच होतं, पण ऑर्केस्ट्रा सहकारी तत्त्वावर चालायचा. प्रत्येक वादकाच्या नावावर गुण असायचे. किती वर्षं वाजवतो आहे, तालमीला वेळेवर येतो का, स्वतः संगीत रचतो का, दुसऱ्यांच्या चाली ऑर्केस्ट्रासाठी बांधून देतो का, या सगळ्याचे गुण. आलेली कमाई त्या गुणांच्या प्रमाणात वाटली जायची. पियानोवर बसणारे पुग्लिएसेही याच हिशेबातले एक वाटेकरी होते.

हे आधी सांगायला कारण आहे. पुग्लिएसे यांची ओळख करून देताना संगीत आणि राजकारण वेगवेगळ्या खणांत ठेवायची सवय लागली आहे: थोर संगीतकार, आणि शिवाय कम्युनिस्ट. पण त्यांच्या ऑर्केस्ट्राचा जो आवाज टँगो नाचणारे जगात कुठेही दोन-चार मात्रांत ओळखतात, तो या वाटणीतूनच घडला. ते वादन ऐकताना बारा माणसांचा श्वास एकदम थांबतो आणि एकदम सुटतो असं वाटतं. पगारी माणसांकडून तसं वाजवून घेणं फार अवघड आहे.

पुग्लिएसे यांचा जन्म २ डिसेंबर १९०५चा, ब्वेनोस आइरेसच्या व्हिया क्रेस्पो या भागातला. ही वस्ती मुळात १८८८ साली एका बुटांच्या कारखान्याभोवती वाढली. चामडं कमावणारे, बूट शिवणारे, इटलीतून आणि पूर्व युरोपातून जहाजानं आलेले कष्टकरी तिथे राहायचे. वडील आदोल्फो बुटांच्या धंद्यातले कामगार आणि हौशी बासरीवादक. कामावरून सुटले की वस्तीतल्या टँगो-मंडळींबरोबर ते वाजवायला बसत. थोरले दोघे भाऊ व्हायोलिन शिकले. ओस्वाल्दोच्या हातीही आधी व्हायोलिनच आलं, पण मन रमलं ते पियानोत. वडिलांनी घरात पियानो आणला, वस्तीतल्याच एका संगीतशाळेत मुलाचं शिक्षण सुरू झालं. पुढे त्यांनी विसेन्ते स्कारामुत्सा यांच्याकडेही धडे घेतले. याच स्कारामुत्सांच्या हाताखाली नंतर पियानोवादक मार्ता आर्गेरिच तयार झाल्या. टँगो वाजवणारा हा मुलगा पाश्चात्त्य अभिजात पियानोच्या शिस्तीतून आला होता, हे त्यांच्या बोटांच्या वजनातून शेवटपर्यंत जाणवत राहिलं.

टँगो तेव्हा फार जुना नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन तीरांवर, ब्वेनोस आइरेस आणि उरुग्वेतल्या मॉन्टेव्हिडिओत, तो घडला. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ठेके, क्यूबाहून आलेला हाबानेरा, ग्रामीण अर्जेंटिनाची मिलोंगा आणि युरोपातून आलेल्या लाखो स्थलांतरित कामगारांची आपापली गाणी त्यात मिसळली. आधी बासरी, व्हायोलिन, गिटार अशी तीन-चार वाद्यं असत. मग जर्मनीहून बांदोनेऑन आला आणि त्यानं बासरीला बाजूला सारलं. भात्यावर चालणारं, बटणांचं, मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी ताणायचं हे वाद्य. आपल्याकडे पेटीचं झालं तसंच तिथे त्याचं झालं: सुटी धातूची पाती थरथरवून स्वर काढणारं युरोपी वाद्य परक्या भूमीत येऊन असं रुजलं की आता त्याचं मूळ गाव सांगावं लागतं. बांदोनेऑनचा आवाज दाटलेला, किंचित रडवेला. टँगोची चाल त्यानं संथ आणि गंभीर केली.

वयाच्या पंधराव्या वर्षी पुग्लिएसे एका कॅफेत पियानो वाजवू लागले. मालकीणबाईंच्या अस्वच्छतेमुळे गिऱ्हाइकांनी त्या जागेला 'डुकरिणीचा कॅफे' असं नाव ठेवलं होतं. मूकपटांच्या थिएटरांतही त्यांनी वाजवलं. १९२१ साली पाकीता बेर्नार्दो यांनी त्यांना आपल्या संचात घेतलं. पाकीता स्वतः व्हिया क्रेस्पोतल्याच. बांदोनेऑन व्यावसायिक पातळीवर वाजवणाऱ्या अर्जेंटिनातल्या त्या पहिल्या स्त्री. वाद्य मांडीवर घेऊन, पाय फाकवून बसावं लागतं म्हणून बाईमाणसानं ते वाजवू नये असं मानणाऱ्या शहरात त्यांनी सहा जणांचा संच काढला आणि कोरिएन्तेस रस्त्यावरच्या दोमिंगेस कॅफेत तो बसवला. त्यांना बघायला जमणाऱ्या गर्दीमुळे रस्ता अडायचा, असं सांगतात. त्या संचात पियानोवर पुग्लिएसे होते आणि व्हायोलिनवर एल्विनो वार्दारो. पाकीता १९२५ साली, पंचविशीही पूर्ण न करता वारल्या. त्यांचं स्वतःचं बांदोनेऑनवादन आज ऐकायला मिळत नाही. टँगोच्या इतिहासातली ही एक मोठी हानी आहे.

याच पोरवयात पुग्लिएसे यांनी 'रेकुएर्दो' ही रचना केली. शब्दाचा अर्थ आठवण. ती वडिलांच्या नावावर प्रसिद्ध झाली. शेवटी येणारी बांदोनेऑनची धावती तान एनरिके पोयेत या वादकानं घातली, आणि एदुआर्दो मोरेनो यांनी तिच्यावर शब्द लिहिले. १९२६ साली हुलिओ दे कारो यांच्या षट्काने ती ध्वनिमुद्रित केली. टँगोचे जाणकार 'रेकुएर्दो'ला मैलाचा दगड मानतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. तोवरच्या बहुतेक टँगोंत एक सोपी धून असे आणि ती पुन्हापुन्हा फिरे. इथे धून वळणं घेते, स्वरसंगती अनपेक्षित जागी जाते, प्रत्येक भागाला आपलं वेगळं व्यक्तित्व आहे. विशी न ओलांडलेल्या मुलाच्या हातची ही रचना आहे, हे ऐकताना खरं वाटत नाही.

दे कारो यांचं नाव घेतलं तर दोन शब्द त्यांच्याविषयी सांगायला हवेत, कारण पुग्लिएसे आयुष्यभर स्वतःला त्यांच्या घराण्याचे मानत आले. विसाच्या दशकात दे कारो यांनी टँगोत ऑर्केस्ट्रासाठी विचारपूर्वक बांधणी आणली. एक वाद्य धून गातं तेव्हा दुसरं तिला उलट उत्तर देतं, मध्येच सगळे थांबतात, एखादा स्वर मुद्दाम रेंगाळतो. नाचणाऱ्यांना ठेका पुरवण्यापलीकडे, बसून ऐकण्यासारखं काही तरी टँगोत असू शकतं, हे त्यांनी दाखवलं.

पुढची दहा-बारा वर्षं मात्र ओढगस्तीची गेली. पुग्लिएसे पेद्रो माफियांच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होते. १९२९ साली त्यांनी आणि वार्दारो यांनी मिळून षट्क काढलं. जाणकारांनी डोक्यावर घेतलेलं हे षट्क देशभर दौऱ्यावर निघालं आणि पैशाच्या दृष्टीनं पार बुडालं. त्याची एकही ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. १९३० साली अर्जेंटिनात लष्करानं सत्ता घेतली, जागतिक मंदीनं शहराला घेरलं, आणि बोलपट आल्यावर थिएटरांत वाजवणाऱ्या वादकांची चूल विझली. वादकाला ना नोकरीची हमी, ना आजारपणात आधार. पुग्लिएसे वादकांची संघटना बांधण्याच्या कामाला लागले ते या दिवसांत. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली आणि त्याच वर्षी ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. ते सभासदत्व त्यांनी कधी लपवलं नाही.

स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढण्याचे एक-दोन प्रयत्न फसल्यावर ११ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांचा संच कोरिएन्तेसवरच्या कॅफे नासिओनालमध्ये उभा राहिला. 'टँगोचं कॅथीड्रल' म्हणून नावाजलेली ही जागा. पुग्लिएसे तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते. या वेळी संच टिकला, आणि थोडाथोडका नव्हे, अर्धशतकाहून अधिक काळ.

वेळ अनुकूल होती. १९३५पासून पुढची वीस वर्षं हा टँगोचा सुवर्णकाळ मानला जातो. शहराच्या प्रत्येक भागातल्या क्रीडामंडळात नाच भरत, रेडिओवर ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष वाजत, ध्वनिमुद्रिका खपत. त्या काळातली चार नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. हुआन द'आरिएन्सो यांचा टोकदार, पायांना उभं राहू न देणारा ठेका. कार्लोस दि सार्ली यांची रेशमी संथ चाल. आनिबाल त्रोइलो यांची गायकाला कवेत घेणारी साथ. आणि पुग्लिएसे यांचं नाट्य. पहिल्या तिघांच्या संगीतावर नवशिका माणूसही थोडंफार चालू शकतो. पुग्लिएसे यांचं संगीत नाचायला शिकावं लागतं.

त्याचं कारण त्यांच्या ठेक्याच्या रचनेत आहे. टँगोत चार मात्रा असतात. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर जोर. पुग्लिएसे यांच्याकडे ही जोराची मात्रा सरळ पडत नाही. ती येण्याच्या किंचित आधी बांदोनेऑनचे भाते आणि कॉन्ट्राबासचा गज आवाज खालून ओढत आणतात आणि मग मात्रेवर तो आदळतो. लगेच पुढच्या हलक्या मात्रेला पियानोचा डावा हात अगदी खालच्या पट्ट्यांवर एक घुमणारा, अंधारा स्वरगुच्छ टाकतो. ओढ, आघात, घुमारा. ओढ, आघात, घुमारा. तालमीत तोंडानं हा ठेका म्हणताना 'युम-बा, युम-बा' असा आवाज निघायचा, आणि त्यावरूनच त्यांच्या सर्वांत गाजलेल्या रचनेला 'ला युम्बा' हे नाव पडलं. ती ध्वनिमुद्रित झाली १९४६ साली. साधारण तीन मिनिटांची ही ध्वनिमुद्रिका आहे. सुरुवातीचा तो जड ठेका ऐकला की कारखान्यातलं यंत्र चालू झाल्याचा भास होतो. मग व्हायोलिन एक लांब, दुखरी ओळ गाऊ लागतं आणि यंत्र मागे सरतं, पण थांबत नाही.

याहून अवघड गोष्ट म्हणजे लय. या ऑर्केस्ट्राला तबला-ड्रमसारखं तालवाद्य नाही, समोर उभा राहून हात हलवणारा संचालक नाही. चार-पाच बांदोनेऑन, तितकीच व्हायोलिनं, पियानो, कॉन्ट्राबास. आणि तरीही सगळे मिळून लय सैल सोडतात, एखाद्या ओळीच्या शेवटी जवळजवळ थांबतात, मग एकाच क्षणी पुन्हा पकडतात. नाचणाऱ्या जोडप्यानं अशा जागी पाऊल हवेत तोलून धरायचं असतं. आजही जगभरच्या टँगोच्या नाचघरांत पुग्लिएसे यांच्या तीन-चार रचनांचा फेरा बहुधा रात्र चढल्यावर लावतात, जेव्हा फरशीवर मुरलेले नाचणारे असतात आणि गर्दी थोडी विरळ झालेली असते.

अशी एकजूट रोजच्या तालमीतून येते, आणि तालमीला मनापासून येण्याजोगं कारण वादकाकडे असावं लागतं. पुग्लिएसे यांच्या वादकांकडे ते होतं. बांदोनेऑनवादक ओस्वाल्दो रुगिएरो, व्हायोलिनवादक एनरिके कामेरानो, कॉन्ट्राबासवर आनिसेतो रोसी ही पहिल्या संचातली माणसं वर्षानुवर्षं एकत्र वाजवत राहिली. रुगिएरो तर जवळजवळ तीस वर्षं राहिले. गुणांच्या पद्धतीत रचना करणाऱ्याचा आणि बांधणी करणाऱ्याचा वाटा वाढायचा, म्हणून संचातले वादकच संचासाठी लिहू लागले. होर्हे काल्दारा यांची 'पातेतिको', मारिओ देमार्को यांची 'पाता आंचा', रुगिएरो यांची 'एन. एन.' या रचना अशाच आल्या. एमिलिओ बाल्कार्से, इस्माएल स्पितालनिक, हुलियान प्लासा यांनी रचनांची बांधणी केली. इतक्या वेगवेगळ्या हातांतून आलेलं संगीत वाजतं मात्र एकाच माणसाचं वाटावं असं. संचालक म्हणून पुग्लिएसे यांची थोरवी मला इथे सर्वांत जास्त दिसते. त्यांनी आपली शैली वादकांवर लादली नाही, त्यांच्याकडून ती लिहवून घेतली. स्वतः त्यांनी 'ला युम्बा'नंतर 'नेग्राचा' आणि 'मालांद्राका' या रचना केल्या. १९४८ साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'नेग्राचा'त ठेक्याची मोडतोड आणि कर्कश स्वरसंगती अशा टोकाला गेली आहे की पुढच्या पिढीच्या आस्तोर पियाझ्झोलांच्या संगीताची चाहूल अभ्यासकांना तिथे लागते.

गायकही लक्षात राहणारे होते. १९४३ साली ओदेऑन कंपनीसाठी त्यांनी पहिली ध्वनिमुद्रिका केली ती 'फारोल', रोबेर्तो चानेल यांच्या अनुनासिक, वस्तीतल्या आवाजात. नंतर आलेले आल्बेर्तो मोरान कुजबुजीपासून हुंदक्यापर्यंत जायचे आणि त्यांच्या कार्यक्रमांना बायकांची झुंबड उडायची. मोरान गायला लागले की जोडपी नाच थांबवून व्यासपीठाभोवती गोळा होत. तरुण प्रेक्षक उत्साहानं एक आरोळी ठोकत: कोलोनला चला! तेआत्रो कोलोन म्हणजे १९०८ साली उघडलेलं ब्वेनोस आइरेसचं ऑपेरागृह, देशातलं अभिजात संगीताचं सर्वांत मानाचं व्यासपीठ. क्लबातल्या फरशीवर घामाघूम नाचणारी पोरं आपल्या ऑर्केस्ट्राची जागा तिथे आहे असं ओरडून सांगत होती.

सरकारला मात्र हा माणूस खुपत होता. हुआन पेरॉन यांच्या राजवटीत त्यांच्या ऑर्केस्ट्रावर रेडिओबंदी आली, कार्यक्रम रद्द झाले, आणि पुग्लिएसे यांना एकाहून अधिक वेळा अटक झाली. १९५५ साली ते देवोतोच्या तुरुंगात होते. त्याच वर्षी पेरॉन यांना लष्करानं हटवलं, पण नव्या राज्यकर्त्यांचंही कम्युनिस्टांवर प्रेम नव्हतं. अटकेचं सत्र चालूच राहिलं. पुग्लिएसे आत असले तरी ऑर्केस्ट्रा ठरल्याप्रमाणे कार्यक्रमाला जायचा. पियानो व्यासपीठावर असायचा, झाकण बंद, आणि त्यावर एक लाल कार्नेशनचं फूल. काही सांगण्याची गरज नसे. नाचायला आलेल्यांना कळायचं. संच बंद पडला नाही याचं श्रेय पुन्हा त्या सहकारी रचनेकडे जातं. मालक तुरुंगात गेला की मालकीचा ऑर्केस्ट्रा विखुरतो. इथे मागे राहिलेला प्रत्येक जण त्या संचाचा मालक होता, आणि घरोघरी चूल पेटती ठेवायची जबाबदारीही सर्वांची होती.

१९५९ साली त्यांनी सोव्हिएत युनियन आणि चीनचा दौरा केला, १९६५ साली जपानचा. जपानमध्ये टँगोवर प्रेम करणारा मोठा वर्ग दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होता. तिथे पुग्लिएसे पुढेही जात राहिले. पण घरी दिवस फिरले होते. रॉक अँड रोल आला, नाचाचे क्लब ओस पडू लागले, बारा माणसांचा ऑर्केस्ट्रा पोसणं कुणालाच परवडेना. मोठमोठे संच मोडले किंवा चार-पाच जणांवर आले. १९६८ साली पुग्लिएसे यांचे रुगिएरो, बाल्कार्से, प्लासा असे कसलेले साथीदार आणि गायक होर्हे मासिएल बाहेर पडले आणि त्यांनी 'सेक्स्तेतो टँगो' हा आपला संच काढला.

साठी ओलांडलेल्या माणसानं इथे थांबायला हरकत नव्हती. पुग्लिएसे यांनी विशी-पंचविशीतली पोरं गोळा केली. दानिएल बिनेली, हुआन होसे मोसालिनी, रोदोल्फो मेदेरोस हे बांदोनेऑनवादक त्या संचात तयार झाले, आणि पुढे तिघांनीही आपापली वाट काढली. मोसालिनी पॅरिसला गेले आणि युरोपात बांदोनेऑनचं शिक्षण रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. बिनेली पियाझ्झोलांच्या अखेरच्या षट्कात वाजवत होते. १९६९ सालची 'आ एव्हारिस्तो कारिएगो' ही एदुआर्दो रोविरा यांची रचना ऐकली तर या नव्या संचाची ताकद कळते. जुन्या ध्वनिमुद्रणांपेक्षा आवाज खोल, चाल अधिक संथ, आणि मधल्या शांततांना अधिक वाव. मला स्वतःला पुग्लिएसे यांच्या वादनाचा हा उत्तरकाळ चाळिसाच्या दशकाइतकाच मोलाचा वाटतो, जरी नाचणाऱ्यांची पसंती बहुधा आधीच्या ध्वनिमुद्रिकांना असते.

लष्करी हुकूमशाही संपून १९८३ साली अर्जेंटिनात लोकशाही परतली. २६ डिसेंबर १९८५ रोजी, नुकतीच ऐंशी वर्षं पूर्ण केलेल्या पुग्लिएसे यांचा ऑर्केस्ट्रा खरोखरच कोलोनच्या व्यासपीठावर उभा राहिला. चाळीस वर्षांपूर्वीची ती आरोळी खरी झाली होती. जुने साथीदारही त्या रात्री वाजवायला आले. पुग्लिएसे बोलायला उठले तेव्हा त्यांनी आईची आठवण काढली: लहानपणी ते घरी पियानोचा सराव करत असताना तीच त्यांना कोलोनला जा, कोलोनला जा म्हणत असे. भाषणाची त्यांना सवय नव्हती. बोलणं थोडक्यात आटोपून ते पियानोकडे वळले.

पुढच्या वर्षी शहरानं त्यांना सन्माननीय नागरिक म्हणून गौरवलं. जून १९८९मध्ये ॲमस्टरडॅमच्या कारे थिएटरात ते आणि पियाझ्झोला एकाच कार्यक्रमात आले. शेवटी दोन्ही संचांनी मिळून 'ला युम्बा' आणि पियाझ्झोलांची 'आदिओस नोनिनो' वाजवली. टँगोला नाचघरातून बाहेर काढणारा एक, आणि नाचघर न सोडता तितकंच धाडसी संगीत करणारा दुसरा. दोघांचे चाहते वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडत आले होते. व्यासपीठावरच्या दोघांत तसं काही दिसलं नाही.

२५ जुलै १९९५ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी पुग्लिएसे वारले. चाकारिता दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे. व्हिया क्रेस्पोत कोरिएन्तेस रस्त्यावर त्यांचं शिल्प उभं आहे, आणि रस्त्याखालून जाणाऱ्या भुयारी रेल्वेच्या 'मालाबिया' स्थानकाला त्यांचं नाव जोडलं आहे. मुलगी बेबा आणि नात कार्ला दोघीही पियानोवादक. बेबासाठी त्यांनी 'ला बेबा' हा टँगो रचला होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वप्नातही कल्पिली नसेल. अर्जेंटिनातले कलावंत, टँगोचे, रॉकचे, नाटकाचेसुद्धा, त्यांना आता अपशकुन टाळणारा संत मानतात. व्यासपीठावर जाण्याआधी 'पुग्लिएसे, पुग्लिएसे, पुग्लिएसे' असं तीनदा म्हणायची रीत आहे. त्यांच्या चित्राची, मागे प्रार्थना छापलेली छोटी कार्डं ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत आणि रंगपटांत चिकटवलेली दिसतात. देवाधर्मापासून दूर राहिलेल्या कम्युनिस्टाचा संत झाला याचं काही जणांना नवल वाटतं. वादकांच्या हक्कासाठी आयुष्य घालवलेल्या माणसाकडे वादकांनी पाठराखण मागावी, यात मला तरी विसंगत काही दिसत नाही.

त्यांच्या पद्धतीचा वारसाही संपलेला नाही. २००० साली ब्वेनोस आइरेसमध्ये तरुण वादकांसाठी एक ऑर्केस्ट्रा-शाळा सुरू झाली. जुन्या संचांच्या शैली त्या-त्या संचात वाजवलेल्या वादकांकडूनच शिकाव्यात, ही तिची कल्पना. तिची धुरा ऐंशी ओलांडलेल्या एमिलिओ बाल्कार्से यांनी घेतली. आज शाळा त्यांच्याच नावानं चालते. कागदावर न उतरणाऱ्या कितीतरी गोष्टी, ठेका कुठून ओढायचा, किती ओढायचा, गज कुठे दाबायचा, या हातातून त्या हातात अशाच गेल्या.

ज्यांनी टँगो फक्त सिनेमात पाहिला आहे, त्यांनी पुग्लिएसे यांच्यापासून ऐकायला सुरुवात करावी. ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर सहज सापडतात. आधी १९४४चं 'रेकुएर्दो' ऐका, मग १९४६चं 'ला युम्बा', मग १९५९ सालचं आगुस्तीन बार्दी यांचं 'गायो सिएगो'. पहिल्यांदा धून ऐकू येईल. दुसऱ्यांदा फक्त पियानोच्या डाव्या हाताकडे कान द्या.